चार नंबरची मुलगी, सात नंबरचं स्थळ

मावशी, सलाम.

मी २९ वर्षांची, मूळची नगरची, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, त्यात मी 'आयएनएफपी' (INFP) या प्रकारातली निघाले. मग गेल्या वर्षी आमच्या तरुणांच्या गटाचं लोणावळ्याला रिट्रीट झालं, तिथे एनिअग्राम नावाची स्वभाव ओळखायची पद्धत शिकवली. नऊ प्रकारांपैकी मी 'चार'. त्या पानावरचं वर्णन वाचून मला रडूच आलं. चार नंबरच्या माणसाला सतत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, चारचौघांच्या आनंदात त्याचा जीव रमत नाही, त्याला साध्या गोष्टींत रस नसतो. ही मीच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं असं वाटलं.

त्यानंतर मी शब्बाथ शाळेत मंडळीतल्या मुलांना शिकवायचे तो वर्ग सोडला, कारण माझ्या टाइपला गोंगाट झेपत नाही. दादाशी बोलणं कमी केलं, कारण तो 'आठ' आहे, तो बदलायचा नाही. नाताळात घरी गेले तर पाळकसाहेबांनी उपदेशातच सांगितलं की हे सगळं राशीभविष्य आहे, ख्रिस्ती माणसाने त्याला शिवूही नये. आई तेव्हापासून घाबरलीय. त्यात आता एक स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, बोलायला मोकळा आहे, पण 'सात' आहे. चाचणीची लिंक मीच पाठवली होती. मैत्रीण म्हणते, चार-सातचं जमत नाही. हे सगळं करणं पाप आहे का? सोडून देऊ का? आणि मुलाला काय कळवू?

– चार नंबर, पुणे

प्रिय मुली,

जय ख्रिस्त. तुझं पत्र वाचताना एका ठिकाणी मला हसू फुटलं, ते आधी सांगून टाकते. आपल्या घरांत पत्रिका बघत नाहीत याचा आपल्याला केवढा तोरा असतो! शेजारच्या काकू छत्तीस गुणांचा हिशेब मांडायला लागल्या की आपण गालातल्या गालात हसतो. आणि तू काय केलंस? स्थळ आल्याबरोबर मुलाला लिंक धाडलीस, त्याचा आकडा काढलास, आणि चार-सातचं जुळतं का ते मैत्रिणीला विचारलंस. पाळकसाहेबांचा 'राशीभविष्य' हा शब्द तुला एवढा झोंबला तो याचमुळे, असा माझा संशय आहे.

तरी पाळकसाहेबांनी सगळं एकाच गाठोड्यात बांधलं ते मला पटलेलं नाही. तुझ्या कंपनीतली चार अक्षरं आणि लोणावळ्याचे नऊ आकडे यांची घराणी वेगवेगळी आहेत. दोघांचेही दोष आहेत, पण तेही एक नव्हेत.

चार अक्षरांचं आधी बघू. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. हे युंग एका पाळकाचे चिरंजीव, बरं का. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंनी तो वाचला आणि त्या झपाटल्याच. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यातून प्रश्नावली तयार करायला घेतली. कोणाला कोणतं काम मानवेल ते कळलं तर माणसं सुखी होतील, असा साधा हेतू. मायलेकींपैकी मानसशास्त्राची पदवी एकीकडेही नव्हती. पुढे त्यातूनच १६ प्रकारांची एमबीटीआय, म्हणजे तुझ्या कंपनीतली चाचणी, उभी राहिली. इझाबेलचं पुस्तक १९८० साली निघालं, त्याचं नाव तिने रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातून घेतलं होतं: आपल्याला मिळालेल्या कृपेच्या मानाने आपली कृपादानं निरनिराळी आहेत, असं पौल म्हणतो ना, त्या सहाव्या वचनातून. तेव्हा यात भूतबाधा शोधू नये, असं तुझ्या आईला माझ्यातर्फे सांग.

या चाचणीचा दोष कुठे आहे? माणसांचे स्वभाव असे दोन कप्प्यांत पडत नाहीत. उंचीसारखंच असतं, बहुतेक सगळे मधल्या पट्ट्यात, टोकाला थोडे. चाचणी मात्र बरोबर मधोमध रेघ मारते आणि रेघेच्या अलीकडच्याला अंतर्मुख, पलीकडच्याला बहिर्मुख म्हणते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर पुष्कळांचं एखादं अक्षर बदलतं. विद्यापीठांतले मानसशास्त्रज्ञ म्हणूनच पाच गुणांची मोजपट्टी जास्त वापरतात, तीत कप्पे नसतात, कमी-जास्त असतं. ती वाचून मात्र कुणी रडत नाही. 'सहमतीशीलता सरासरीहून थोडी कमी' या वाक्यात रडण्यासारखं असतं काय?

रडण्यावरून आठवलं. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. पाचपैकी गुण द्या म्हणाला, किती जुळतंय त्याला. सरासरी पडली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. 'लोकांनी तुम्हाला मानावं असं तुम्हाला फार वाटतं, पण तुम्ही स्वतःवर टीकाही फार करता' असल्या धाटणीची. कोणाला लागू पडणार नाही हे? आता तू तुझ्या पत्रातलं वाक्य बघ: 'सतत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.' नगरहून पुण्यात एकटी राहायला आलेल्या, तिशीला टेकलेल्या, घरचे लग्नाचं विचारताहेत अशा किती मुलींना तसं वाटत नसेल?

आता नऊ आकडे. इथे पाळकसाहेबांच्या बोलण्यात तथ्य आहे. वर्तुळातली ती नऊ टोकांची आकृती पाश्चात्त्य जगात आणली गुर्जिएफ या गूढवादी गुरूने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या टोकांवर माणसांचे स्वभाव बसवले ऑस्कर इचाझो या बोलिव्हियाच्या गृहस्थाने, चिलीतल्या आरिका गावी. त्याच्याकडून १९७० साली क्लॉडिओ नारान्हो हा मनोविकारतज्ज्ञ शिकला आणि त्याने ते कॅलिफोर्नियात बर्कलेला नेलं. तिथे बॉब ऑक्स नावाचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे एक फादर येऊन बसले. त्यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात ते शिकवायला घेतलं, आणि जेझुइटांमार्फत मग ते मठांत, रिट्रीटघरांत पोचलं. इव्हँजेलिकल मंडळ्यांत त्याची लाट आली ती अगदी अलीकडे, गेल्या दहा-बारा वर्षांत. म्हणजे तुला लोणावळ्यात 'वाळवंटातल्या संतांचं प्राचीन ज्ञान' म्हणून जे सांगितलं असेल (सहसा असंच सांगतात), ते नऊ स्वभावांचं शास्त्र तुझ्या आईच्या वयाचं आहे. २००३ साली व्हॅटिकनच्या एका दस्तऐवजाने स्पष्ट लिहिलं की आध्यात्मिक वाढीचं साधन म्हणून एनिअग्राम वापरल्याने ख्रिस्ती शिकवणीत आणि जीवनात संदिग्धता शिरते. पाळकसाहेबांना हे ठाऊक नसेल तर जरूर सांग, त्यांना आनंद होईल. रोमशी एकमत व्हायचा प्रसंग त्यांच्यावर रोज येत नसेल.

पण कुळ काढून निकाल देणं मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. अथेन्समध्ये अरीयपगावर उभं राहून पौलाने ग्रीक कवींची ओळ म्हटली, आपण त्याचाच वंश आहोत ही. ती ओळ झ्यूससाठी लिहिलेली होती. पौलाने ती उचलली आणि जिवंत देवाकडे वळवली. तेव्हा गोष्ट कुठून आली हे विचारावं, आणि ती आपल्याला कुठे नेते हेही विचारावं. तुझ्या बाबतीत दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एनिअग्रामने तुला कुठे नेलं? पोरांचा वर्ग सुटला. दादा सुटला. आणि आता एक बरा मुलगा हातचा जायच्या बेतात आहे.

त्या वाळवंटातल्या संतांपाशी मी तुला न्यायचं म्हणते, कारण त्यांचं नाव फुकट वापरलं जातं. चौथ्या शतकात पाँटसचा एव्हाग्रियस हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलचं वैभव सोडून इजिप्तच्या वाळवंटात राहायला गेला आणि ३९९ साली तिथेच वारला. माणसाच्या मनात शिरणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ बढाई आणि गर्व. पुढे हीच यादी पश्चिमेत जाऊन 'सात पापं' झाली. यातल्या कंटाळ्याचं त्याने केलेलं वर्णन वाच एकदा. तो म्हणतो, हा भर दुपारचा सैतान. दिवस पन्नास तासांचा आहे असं वाटायला लावतो. साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येतो, जेवणाची वेळ व्हायला सूर्य अजून किती सरकायचा आहे ते न्याहाळतो, कुणी बंधू भेटायला येतोय का ते बघतो. मग त्याला ही जागाच नकोशी होते, हे कामच नकोसं होतं, आणि दुसरीकडे गेलो असतो तर किती बरं झालं असतं असं वाटू लागतं. हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात दुपारी तीनला डोकावलं तर असे पुष्कळ साधू दिसतील.

लक्षात घे, एव्हाग्रियस 'कंटाळा हा सहा नंबरच्या साधूचा स्वभाव' असं म्हणत नाही. हे आठही विचार सगळ्यांकडे येतात, आज हा, उद्या तो. ते बाहेरून येतात, दार वाजवतात, आपण त्यांना बसायला पाट द्यायचा की नाही एवढंच आपल्या हातात. विसाव्या शतकात त्याच विचारांची माणसं झाली. राग हा 'एक नंबर' झाला, आणि पुढे सात पापांत आलेला मत्सर 'चार नंबर' झाला. (हो, चार नंबरचं पाप मत्सर आहे. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. रिट्रीटच्या पानावर नक्की असणार.) आलेल्या विचाराला दाराबाहेर घालवता येतं, तो 'मीच' झाला की कुठे घालवणार? मला एनिअग्रामबद्दल जी काय तक्रार आहे ती ही, गुर्जिएफबद्दल नाही.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहेत. पहिलं: 'माझ्या टाइपला गोंगाट झेपत नाही.' दुसरं: 'तो आठ आहे, तो बदलायचा नाही.' पहिल्यात तू स्वतःला सूट दिलीस, दुसऱ्यात दादाला शिक्षा दिलीस, आणि दोन्हींत पश्चात्तापाला जागा उरली नाही. तुझ्याही नाही, त्याच्याही नाही. आपल्या श्रद्धेत यापेक्षा गंभीर गोष्ट कुठली असेल? 'तो बदलायचा नाही' हे वाक्य ख्रिस्ती माणसाने कुणाहीबद्दल उच्चारावं असं मला वाटत नाही. प्रवास अर्ध्यावर सोडून पंफुल्यातून परत फिरलेल्या मार्कला पौलानेही असंच मोडीत काढलं होतं, त्यावरून आपला सोबती बर्णबा याच्याशी भांडून वेगळा झाला. तोच पौल शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

कृपादानं वेगवेगळी असतात हे खरं. एकाला शिकवता येतं, एकाला हिशेब ठेवता येतो, एकीला आजाऱ्यापाशी तासन्‌तास बसता येतं. पण गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ असं वाटून दिलेलं नाही. सहनशीलता दोन नंबरला आणि इंद्रियदमन एक नंबरला, बाकीच्यांना माफ, असं पौल लिहीत नाही. तुझा स्वभाव शांत आहे, २५ पोरांच्या आरडाओरड्यात तुझं डोकं उठतं, हे मला मान्य आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याला उपाय होते. मोठ्या मुलांचा लहान गट मागता आला असता. दुसऱ्या बाईंनी वर्ग घ्यायचा आणि तू पाठ तयार करून द्यायचा, असं ठरवता आलं असतं. मोशेनेही 'माझी जीभ जड आहे' म्हणून हात वर केले होते. देवाने त्याचं म्हणणं खोटं ठरवलं नाही, अहरोनला सोबत दिलं, आणि फारोकडे पाठवलंच. पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेच्या मुख्य बाईंना भेट. कारण सांगताना टाइपचं नाव काढू नकोस, 'मला एवढी मुलं एकटीने सांभाळवत नाहीत' एवढं म्हण. त्या बाईंनी तीस वर्षांत हे पुष्कळदा ऐकलं असेल, त्यांच्यापाशी तोडगाही असेल.

एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्या पानाने तू रडलीस, कुणीतरी मला ओळखलं असं तुला वाटलं, ते रडणं खोटं नव्हतं. पान कसंही असो, तहान खरी होती. आपल्या मंडळ्यांत दर रविवारी पापांगीकार होतो, पण तो अनेकवचनी, सगळे मिळून वाचून टाकतात. साक्ष द्यायची तर तिचाही साचा ठरलेला: आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं छान आहे. 'मला मैत्रिणीच्या साखरपुड्यात आनंद झाला नाही, पोटात दुखलं' हे कुठे बोलायचं? महिला संघात? दुसऱ्या दिवशी अख्ख्या नगरला कळेल. कॅथलिकांकडे निदान जाळीपलीकडे कान देणारा एक फादर असतो. आपण प्रॉटेस्टंटांनी ती जाळी काढून टाकली आणि तिच्या जागी काही बसवलं नाही. मग मुलं कंपनीच्या एचआरकडून आणि मोबाइलवरच्या चाचणीकडून स्वतःची ओळख करून घेतात, आणि आपण त्यांना उपदेशपीठावरून रागावतो. पाळकसाहेबांनी इशारा दिला ते ठीक, पण दारही उघडायला हवं होतं.

तुला आत्मपरीक्षणाची ओढ आहे. ती सोडू नकोस. धर्मसुधारक कॅल्व्हिनने आपला मोठा ग्रंथच या वाक्याने सुरू केला की आपलं जवळजवळ सगळं शहाणपण दोन गोष्टींत आहे, देवाला ओळखणं आणि स्वतःला ओळखणं. ओढ योग्य आहे, साधन बदलू. आणि गंमत बघ, मी तुला जे साधन सांगणार आहे ते त्याच जेझुइटांच्या घरातलं आहे, ज्यांनी एनिअग्राम जगभर नेला. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने १५४८ साली छापलेल्या आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात आठवड्याची एक वही आखून दिली आहे. प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा, आठवड्याच्या मिळून चौदा. रविवारच्या लांब, मग खाली खाली उतरत आखूड होत जाणाऱ्या. स्वतःचा एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्यावर ठरवायचं, आज यापासून जपायचं. दुपारच्या जेवणानंतर मागे वळून बघायचं आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा, दुसऱ्या रेघेवर. मग दोन रेघा ताडून बघायच्या, हा दिवस आणि कालचा दिवस ताडून बघायचा, हा आठवडा आणि मागचा आठवडा.

एवढंच. किराणा दुकानातली चाळीस पानी वही पुरे. तू मत्सर घे, तुझ्या पानावर आहेच तो. मंगळवारी सकाळी टीममधल्या मुलीला प्रमोशन मिळालं आणि तू अभिनंदनाच्या मेलला मुद्दाम उत्तर दिलं नाहीस: एक ठिपका. दुपारी इन्स्टाग्रामवर वर्गमैत्रिणीचे मनालीचे फोटो बघून 'नवऱ्याच्या जिवावर' असं मनात आलं आणि तू ते मनात घोळवलंस: दुसरा ठिपका. नुसतं आलं आणि तू घालवलंस, तर ठिपका नाही. महिनाभराने तुझ्या हातात जे पान असेल ते फक्त तुझं असेल, ते दुसऱ्या कुठल्या मुलीला जुळणार नाही. फोररच्या ३९ पोरांपैकी एकाही जणाला ते स्वतःचं वाटलं नसतं. प्रॉटेस्टंट पोरीला जेझुइटांची वही सांगते म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. तरीही तुला अडचण वाटत असेल तर वही उघडण्याआधी १३९ वं स्तोत्र म्हणत जा. 'हे देवा, माझी झडती घे' ही प्रार्थना सगळ्या पंथांची आहे. तिथे झडती घेणारा तो आहे, हेही बघ. आपण घेतलेली झडती अपुरी राहणार हे पौलाला ठाऊक होतं, करिंथकरांना तो म्हणतो की मी स्वतःचासुद्धा न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. म्हणून ठिपक्यांचंही वेड लागू देऊ नकोस. मन फार खाऊ लागलं तर वही मिटून ठेवायची आणि झोपायचं.

दादाला फोन कर. तो तापट आहे असं तू लिहिलं नाहीस, फक्त 'आठ' लिहिलंस, त्यामुळे तो काय बोलला आणि तुला काय लागलं हे मला कळायला मार्ग नाही. त्यालाही कळायला मार्ग नाही. चाचणी त्याने स्वतः दिली होती का, की तूच त्याला आकडा चिकटवलास?

आता मुलगा. सातचं आणि चारचं जमतं का, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच कशावर उभा नाही. आपल्या नगरच्या टिळकांचं उदाहरण घे. रेव्हरंड ना. वा. टिळक तापट, लहरी, हातात पैसा टिकू न देणारे. लक्ष्मीबाई व्यवहारी, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, जिभेला धार. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुढची काही वर्षं संसाराची ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या वाटेने विचार करून. आणि टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुरं केलं, ज्यांना धड शाळाही मिळाली नव्हती. चाचणी देऊन या दोघांचे आकडे काढले असते तर कुठल्या मैत्रिणीने 'कर लग्न' म्हटलं असतं? त्यांची भांडणं वाचायची तर लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवली आहेत, नगरच्या मुलीला मी काय सांगावं.

मुलाला भेट. दोघांच्या घरचे हॉलमध्ये बसलेले असताना नव्हे, बाहेर, दोन-तीनदा. आकडा सांगत नाही अशा गोष्टी विचार. पगारातले किती घरी देतोस आणि लग्नानंतर किती देणार? राग आला की बोलतोस की गप्प बसतोस, आणि किती दिवस? तुझ्या आईचं आणि माझं पटलं नाही तर काय करशील? आजारी पडलास की कसा वागतोस? मंडळीत जातोस तो सवयीने की मनाने? मला नोकरीसाठी बाहेरगावी जावं लागलं तर? तोही तुला विचारेल, आणि तेव्हा 'मी चार आहे' म्हणू नकोस. 'मला चारचौघांत एकटं वाटतं, कधी कधी दिवसभर मन उदास असतं, तेव्हा मला लगेच हसवायला येऊ नकोस' हे म्हण. मोकळा मुलगा आहे म्हणतेस, त्याला कळेल. नाही कळलं तर तेही तुला तिथल्या तिथे कळेल. आणि जमत आलं तर लग्नाआधी पाळकसाहेबांबरोबर दोघांनी बसा. अर्ज भरून सही घेण्यापुरतं नको, दोन-तीन सविस्तर बैठका मागा. त्या वेळी नाताळच्या उपदेशाचा विषयही काढता येईल. त्यांना सांग की तुमचं बोलणं मला लागलं आणि त्यातलं अर्धं मला पटलंय. पाळकांना पूर्ण पटल्याचं सगळेच सांगतात, अर्धं पटल्याचं सांगणारा माणूस त्यांना क्वचित भेटतो.

पाप आहे का, असं विचारलं होतंस. चाचणी देणं पाप नाही. तिच्या जोरावर दादाला बाद करणं आणि मुलांना सोडून येणं, त्याबद्दल देवाशी बोल.

तुझी,
मावशी

ता. क. लोणावळ्याच्या त्या लोकांनी आता 'लेव्हल टू'ची फी मागितली असेल, तर भरू नकोस. आणि ऑफिसमध्ये टीमच्या यादीत तुझ्या नावापुढे ती चार अक्षरं लिहून ठेवली असतील, तर काढायला सांग. माणसं निवडायला किंवा नाकारायला ही चाचणी वापरू नये, असं एमबीटीआय विकणारी कंपनी स्वतःच सांगते. एचआरला तेवढं एक वाक्य मेलवर पाठवलंस तरी पुरेल.